तिच्या चपला माझ्या हातात

मला चालायला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. खारबावच्या अलीकडे आमचं गाव. लहानपणी शाळेत, खाडीवर, बाजाराला, सगळीकडे पायीच जायचो. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा नुसता हात केला की रिक्षा थांबते याचंच मला केवढं अप्रूप वाटलं होतं. त्यानंतर मी भाजी आणायलाही रिक्षानेच गेले. अंगाने भरले, नवरा चिडवायचा, मी कानाआड करायची. अशा बाईच्या वाट्याला या शहरातले रस्ते पायी तुडवायचं काम आलं, तेही एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मागून, तिच्या चपला हातात धरून.

भिवंडीतच, टेमघरमध्ये एका दुमजली इमारतीत आमचं मुलींचं घर आहे. ज्या मुलींना स्वतःच्या घरी ठेवणं सुरक्षित नाही त्यांना बालकल्याण समिती आमच्याकडे पाठवते. कुणी काही महिने राहते, कुणी अठरा पूर्ण होईपर्यंत. मी तिथली मावशी. स्वयंपाक, केसांतल्या उवा, तापात उशाशी बसणं, शाळेत सोडणं, भांडणं मिटवणं, सगळं माझ्याकडे. समितीपुढे उभं राहून उत्तरं देणं अधीक्षक मॅडमकडे. आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येतात, आधी मुलींशी बोलतात, मग आमच्याशी. मला राग लवकर येतो आणि आवाज मोठा आहे, आम्हा आगरी बायकांचा असतोच. मॅडमनी मुलाखतीत विचारलं होतं, "मुलींवर ओरडाल का?" मी म्हटलं, "ओरडेन. पण दार लावून घेऊन ओरडणार नाही. सगळ्यांसमोर ओरडेन आणि सगळ्यांसमोर जेवायला वाढेन." त्यांनी मला ठेवून घेतलं, का ते त्यांनाच माहीत.

ही मुलगी आली ती ऐन उन्हाळ्यात. डोंगराकडच्या पाड्यावरची, आदिवासी कुटुंबातली. पावसाळ्यात गावी भातशेती, आणि दिवाळीनंतर आईबरोबर खारबावकडच्या वीटभट्टीवर मजुरी. तिच्यावर काय बेतलं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे, सांगायचं की नाही तेही तिनेच ठरवायचं. वाचणाऱ्याला एवढं कळलं तरी पुरे, की त्या सगळ्यात एक दार होतं, आणि त्या दाराची कडी लावल्याचा आवाज होता.

आम्हाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दिवेलागणीला वॉचमनकाका फाटकाची कडी लावत. लोखंडी, जड, गंजलेली कडी, लावली की सगळ्या गल्लीला ऐकू जायची. पहिल्याच संध्याकाळी काकांनी कडी ओढली आणि ही जेवायच्या खोलीतून जी सुटली ती काकांच्या हाताखालून बाहेर, अनवाणी. मी पदर खोचून मागे धावले. कोपऱ्यावर गाठलं, मनगट धरलं. ती मला चावली, रक्त येईपर्यंत चावली. पोळ्या लाटताना ती खूण मला अजून दिसते. काकांनी आणि मी मिळून तिला अक्षरशः उचलून आणलं. त्या रात्री ती जेवली नाही, झोपली नाही, भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ताई मुद्दाम आल्या. बराच वेळ तिच्याजवळ नुसत्या बसल्या, मग आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "ती ठरवून पळत नाही हो. कडी वाजली की तिचे पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. तिला पकडू नका. पण सोडूही नका."

माझा हात ठणकत होता. मी म्हटलं, "पकडू नको, सोडू नको, म्हणजे करू काय? हवेत तरंगू?"

ताई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मलाही नीट माहीत नाही, मावशी. आपण शोधू."

शोध लागला तो माझ्या वजनामुळे. काकांनी कितीही जपून लावली तरी कडी वाजायचीच. पुन्हा वाजली, पुन्हा ती सुटली. निघता निघता जिन्याखालच्या फळीवर मला तिच्या चपला दिसल्या, त्या उचलल्या, कारण मे महिन्यात आमच्याकडचं डांबर संध्याकाळीही पाय भाजतं. दोन गल्ल्या धावले आणि दम लागला. मग नाइलाजाने चालायला लागले. मी धावत नाही म्हटल्यावर तीही थांबली. वळून बघितलं. मी उभी राहिले. ती चालायला लागली, मी चालायला लागले. आमच्या दोघींत एखादा टेम्पो मावेल एवढं अंतर होतं, आणि भिवंडीत तेवढी जागा दिसली की टेम्पो तिथे घुसतोच. तसा घुसलाही. टेम्पो पुढे गेला, तर ती तिथेच होती. पुढे पुढे माझ्या ध्यानात आलं, मध्ये काही आलं की ती चाल मंद करते.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी अशा खूप चाललो. दिशा कायम एकच, टेमघरहून शहरात, शहरातून निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत. पुढे खारबावचा रस्ता आणि तिच्या आईची भट्टी, पण तिथवर ती कधी पोचायची नाही, वाटेतच थकायची. निजामपुऱ्यात दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम धडधडत असतात, शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही. ती तिथे हमखास वळायची आणि मला शिव्या द्यायची. तोंड हललेलं दिसायचं, शब्द एकही पोचायचा नाही. मी मान डोलवायची, खरंय गं तुझं म्हणून. त्याने ती आणखीच भडकायची.

चालता चालता काही रीत आपोआप ठरली. हाक मारायची नाही. फोन कानाला लावायचा नाही, कारण आपल्याला पकडायला कुणाला तरी बोलावतायत असं तिला वाटायचं. ती बसली की आपण बसायचं, पण तेवढ्याच अंतरावर. पाण्याची बाटली मध्ये रस्त्याच्या कडेला ठेवून मागे सरायचं. ती यायची, पाणी प्यायची, बाटली तिथेच ठेवून परत जाऊन बसायची. मग कधीतरी उठायची आणि माझ्या बाजूने, मला वळसा घालून, घराच्या दिशेला लागायची. मी पुन्हा मागे. चपला मी दर वेळी दाखवायची आणि ती दर वेळी तोंड फिरवायची.

एकदा मात्र घोळ झाला. निजामपुऱ्यात एका पानवाल्याने मला रोज तिच्या मागे चालताना बघितलं असणार. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारीला पोरगी सापडत नाही, आपण मदत करू. ती टपरीसमोरून जात असताना त्याने हात लांब करून तिचा दंड धरला आणि मला म्हणाला, "पकड़ लिया मौसी! ले जाओ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हाथ छोड़!" मी अशी ओरडले की शिफ्ट सुटून चहाला आलेले कामगार कपासकट वळले. "पहले हाथ छोड़, फिर बात कर!"

"अरे, मैं तो आपकी मदद कर रहा था."

"मैंने माँगी थी मदद? छोड़!"

त्याने हात सोडला. त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि खरं तर त्याची काही चूक नव्हती. पण मी बघत होते तिच्याकडे. पळायला रस्ता मोकळा होता, आणि ती पळाली नाही. जागच्या जागी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळली आणि घराकडे निघाली. टेमघर जवळ आल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी शिवी सोडून काही बोलली.

"तू लय मोठ्यानं वरडतंस."

"वरडते," मी म्हटलं. "मंग?"

त्या संध्याकाळी तिने दोनदा भात मागून घेतला.

भट्टीपर्यंत आम्ही एकदाच गेलो. मुलींपैकी एकीने सकाळी गंमत म्हणून न्हाणीघराची कडी बाहेरून लावली आणि आत ही होती. कडी निघाली तेव्हा दाराची एक फळी फुटलेली होती, आणि ही कुणाकडेही न बघता बाहेर पडली. त्या दिवशी तिची चाल वेगळी होती. निजामपुरा मागे पडला, वस्ती विरळ झाली, गोदामांच्या रांगा लागल्या, कंटेनर अंगावर धूळ उडवत जायला लागले, तरी ती थांबेना. माझ्या पायांचे गोळे दुखायला लागले. एका टपरीवाल्याला मी मॅडमना फोन करून निरोप द्यायला सांगितला, मुलगी माझ्यासमोर आहे म्हणून, आणि चालत राहिले. आज हिला जिथे जायचंय तिथे जाऊ दे, मी सोबत असणार, एवढं एकच डोक्यात होतं.

भट्टीवर कुणी नव्हतं. पाऊस तोंडावर आला की भट्ट्या बंद होतात आणि मजूर आपापल्या पाड्यांवर जातात. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी ती आली होती. झोपड्यांचे कूड मोडून नेलेले, राख, फुटक्या विटा. एका जागी चुलीचे तीन काळे दगड होते, तिथे ती उकिडवी बसली. मी अंतर राखून विटांच्या ढिगावर टेकले. तिने एक दगड उचलून उलटा केला, खालची माती बघितली, पुन्हा तसाच ठेवला.

"दिवालीनंतर येल आई," ती म्हणाली.

"येईल ना."

"मी कुठं हाय ते तिला सांगलंय कोनी?"

"मॅडमनी निरोप पोचवलाय. टेमघरचं घर तिला सांगितलंय."

ज्याच्यामुळे ती आमच्याकडे आली तो माणूस पाड्यावरच होता, म्हणून तिला तिकडे पाठवता येत नव्हतं, आणि आई तिकडून निघून एवढ्या लांब येऊ शकत नव्हती. आई भट्टीवर आली तरच टेमघरला येऊन लेकीला भेटणार होती. ती पोर एवढ्या एका गोष्टीवर दिवस काढत होती, हे मला तिथे त्या राखेत बसून कळलं.

"मना इथून कुठं पाठवतील?" तिने विचारलं.

"कशाला पाठवतील?"

"मी पलतंय म्हनून."

खोटं बोलणं माझ्याने झालं नाही. "पळतेस म्हणून पाठवू शकतात," मी म्हटलं. "पण मी सोडणार नाही, भांडेन."

मग माझ्याकडे न बघता तिने हात पुढे केला. "चप्पल दे."

परत आम्ही शेअर रिक्षाने आलो. ती कडेला, मी तिच्याशेजारी, मध्ये माझी पिशवी.

तिला जी भीती होती ती खरी निघाली. मुलगी एवढ्या लांब गेल्याचं मॅडमना समितीला कळवावंच लागलं. मॅडम वाईट नाहीत. मुलीचं काही बरंवाईट झालं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं, मला नाही. समितीने सांगितलं, अजून एकदा पळाली तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत पाठवू, तिकडे भिंती उंच आहेत. नाही पळाली, तर नवरात्राच्या आधी पुन्हा आणा, मग अठरा होईपर्यंत इथेच ठेवण्याचं बघू. म्हणजे दिवाळीनंतर आई येईल तेव्हा मुलगी टेमघरला सापडेल की नाही, हे सगळं आता एका कडीच्या आवाजावर येऊन ठेपलं होतं.

मी आणि ताईंनी त्यावर डोकं खाजवलं. कडी न लावून चालणार नव्हतं, आत बाकीच्या मुली होत्या आणि त्यांच्यातल्या काहींना बाहेरच्या माणसांचं भय होतं. ताई म्हणाल्या, "आवाज कुणीतरी दुसरं करतं, त्याची भीती आहे." त्यावर मी म्हटलं, "मग तो हिनेच केला तर?" ताईंनी खुशीने टेबलावर हात आपटला. मॅडम मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. "पळणाऱ्या मुलीच्या हातात फाटक देता?"

"तिच्याच हातात द्यायचं, मॅडम," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी तिला हाक मारली. "ये. आजपासून कडी तू लावायची."

ती फाटकाशी उभी राहिली. कडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एका बोटाने थोडी ढकलली. थांबली. परत मागे घेतली. लावली, काढली, लावली, काढली. काका वैतागले, मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. शेवटी कडी लावून ती दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा पुढे जाऊन उघडते का ते बघून आली. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून वाटीभर गोडं तेल नेऊन कडीला चोपडलं. मी तिला तेलाच्या नासाडीबद्दल चांगली झापली. पण कडीचा तो कर्कश आवाज गेला तो गेलाच.

पावसाळाभर ती पळाली नाही. यावरून ती गरीब गाय झाली असं कुणी समजू नये. तिने ताटं फोडली, एकीच्या झिंज्या उपटल्या, न्हाणीघरात कडी लावणाऱ्या त्या मुलीशी महिनाभर बोलली नाही आणि मग एके दिवशी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेतल्या. माझ्याशी तर रोज काही ना काही काढायची. मी ओरडले की बघायची, आता ही मला घालवून देते का. मी ओरडून झालं की ताट वाढायची. ती ताटाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि जेवायला बसायची. कितीदा तरी मला वाटलं, पुरे, घरी जाऊन पडावं. पण मी तिला भांडेन म्हटलं होतं, आणि दिलेला शब्द मोडणं माझ्या रक्तात नाही.

समितीपुढे जायचा दिवस जवळ आला तसा नेमका माझा गुडघा गेला. सूज, पाणी, डॉक्टरांनी सक्त सांगितलं की चालायचं नाही. मी खालच्या खोलीत पाय उशीवर घेऊन पडून. त्याच आठवड्यात एक नवी मुलगी आली, लहानशी, अकरा-बारा वर्षांची. कुणाशी बोलेना, पलंगाखाली जाऊन बसायची. आमच्याकडे नव्या मुलीला नव्या चपला देतात, तिला निळ्या दिल्या होत्या. तिने पायात घातल्याच नाहीत. दोन्ही चपला दुकानातल्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या तशाच जिन्याखालच्या फळीवर पडल्या होत्या.

समितीच्या आदल्या संध्याकाळी काकांची आरोळी आली. "मॅडम, दोघी गेल्या!"

झालं होतं ते असं. कडी लावायला आमची मुलगी फाटकाशी आली होती. काका आत पाणी भरायला गेले. तेवढ्यात ती नवी घरातून तीरासारखी बाहेर आली, अनवाणी, आणि फाटकातून निसटली. काकांनी खिडकीतून तिची पाठ बघितली. ते धावत बाहेर आले तेव्हा फाटक उघडं होतं आणि आमची मुलगीही नव्हती.

मॅडमनी फोन हातात घेतला. चेहरा पांढरा पडला होता. "उद्या समिती आहे," त्या म्हणाल्या. "आणि आज ही एकटी नाही पळाली, लहान पोरीला घेऊन पळाली. मावशी, कडी तुम्हीच तिच्या हातात दिली होतीत."

दिली होती. मी भिंत धरून कशीबशी बाहेर आले होते. मला राग आला, काकांचा, मॅडमचा, माझ्या गुडघ्याचा, आणि खरं सांगते, तिचाही. एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं, असं मनात आलं. उभं राहवेना म्हणून मी जिन्याचा कठडा धरला आणि माझी नजर खालच्या फळीवर गेली.

तिच्या चपला नव्हत्या. ती घालून गेली असणार. पण निळ्या चपलाही नव्हत्या.

"काका," मी म्हटलं, "ती लहानगी अनवाणी होती ना? नक्की?"

"नक्की. टाचा बघितल्या मी तिच्या."

"मग तिच्या चपला कुठायत?" मी मॅडमकडे वळले. "मॅडम, पळून जाणारी पोर दुसरीच्या चपला हातात घेऊन कशाला पळेल? ती पळाली नाही. ती मागे गेलीय. मला चालता येत नाही म्हणून ती गेलीय."

मॅडमनी फळीकडे बघितलं. त्यांचा अंगठा अजून फोनवर होता. "मला कळवावंच लागेल, मावशी."

"कळवा. पण रिक्षातून कळवा. चला माझ्याबरोबर, आपल्या डोळ्यांनी बघा, आणि मग काय सांगायचं ते सांगा."

काकांनी रिक्षा आणली. मला दोघांनी मिळून आत बसवलं. "कुठे शोधायचं?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "सरळ. घाबरलेली पोर वळणं घेत नाही, रस्ता नेईल तिकडे जाते." मगरिबची अजान सुरू झाली होती, दुकानांचे दिवे लागत होते. मी दोन्ही कडेला डोळे फाडून बघत होते. एक चौक गेला, दुसरा गेला. मॅडम घड्याळ बघत होत्या. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मनात एकच चाललं होतं, माझा अंदाज चुकला असला तर या पोरीला तिची आई पुन्हा सापडायची नाही.

शटर पाडलेल्या एका सुताच्या गोदामाच्या पायरीवर नवी मुलगी बसली होती, गुडघ्यांत तोंड खुपसून. त्याच पायरीच्या पार दुसऱ्या टोकाला आमची मुलगी. मांडीवर निळ्या चपला. तिने रस्त्याकडे तोंड केलं होतं आणि दाताने चपलांचा दोरा तोडत होती. दोघींच्या मधोमध पाण्याची बाटली उभी होती.

"थांब," मी रिक्षावाल्याला म्हटलं. "इथेच. पुढे नको."

कुणी एक बाई जाता जाता थांबली, वाकली आणि लहानीला उठवायला हात पुढे केला. त्याबरोबर पायरीच्या टोकावरून आरोळी आली. "ए! हात नको लावू तिला! हाथ मत लगाना!"

बाई दचकून मागे सरली. तो आवाज मी ओळखला, माझाच होता तो.

मॅडमचा एक पाय रिक्षाबाहेर पडला होता. मी त्यांचा हात धरला. अधीक्षकांचा हात मावशीने धरायचा नसतो, पण धरला. "बसा, मॅडम. आत्ता आपण गेलो तर सगळं मोडेल."

त्या बसल्या. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने लहानीने मान वर केली, बाटली घेतली, पाणी प्याली. उठून उभी राहिली आणि इकडेतिकडे बघायला लागली, वाट ठाऊक नव्हती तिला. आमच्या मुलीने नुसती हनुवटी उचलून दिशा दाखवली. लहानी चालायला लागली. आमची मुलगी थांबली, अंतर पडू दिलं, टेम्पो मावेल एवढं, आणि मग तिच्या मागून निघाली, निळ्या चपला हातात घेऊन.

"आगे लूँ?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नहीं भैया, पीछे ही. धीरे."

"इतना धीरे? गाड़ी गरम हो जाएगी, मौसी."

"होने दो," मॅडम म्हणाल्या. फोन त्यांनी कधी पर्समध्ये टाकला मी बघितलं नाही. त्या दुसरीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी मात्र सरळ रडले, पदराने डोळे पुसत, टेमघर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे आम्ही तिघी गेलो. आदल्या संध्याकाळचं मॅडमनी सकाळीच कळवलं होतं, लपवायचा प्रश्नच नव्हता. मुलगी माझ्या शेजारी बाकावर, मान खाली, नखं खात. मी भांडायची सगळी तयारी करून आले होते, रात्रभर मनात वाक्यं घोळवली होती. समितीच्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "काल दिवेलागणीनंतर ही फाटकाबाहेर होती. बरोबर? मग याला पळून जाणं म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?"

मी तोंड उघडलं, पण मॅडम आधी उभ्या राहिल्या.

"ती ड्युटीवर होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, चपला, बाटली, पायरी, रिक्षा, एकही गोष्ट वाढवून नाही की गाळून नाही. मुलीने मान वर केली होती आणि ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती, जशी त्या दिवशी निजामपुऱ्यात माझ्याकडे बघत होती. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलगी टेमघरलाच राहील, असं समितीने सांगितलं. माझी घोळवलेली वाक्यं माझ्याजवळच राहिली.

मॅडम सह्या करायला आत थांबल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. सुजलेल्या पायाला टोचत होत्या म्हणून मी चपला काढून टाकल्या होत्या, त्यातली एक कुणाच्या तरी पायाने लोटून लांब गेली होती. मुलगी उठली, ती चप्पल घेऊन आली, दुसरीही सरळ केली, आणि खाली बसून दोन्ही माझ्या पायांपुढे ठेवल्या.

"घाल," ती म्हणाली. "उठ, मावशे. त्या बारकीला कडी लावाय शिकवायची हाय."